मामलतीच्या मक्त्याची पात्रता

सरकारी कामाचा मक्ता कोणास द्यावा, हा प्रश्न राज्य चालविणाऱ्यांपुढें सर्व काळीं असतो. मक्तेदाराची ऐपत पाहावी, त्याचा अनुभव पाहावा, कीं त्यानें बोललेला आंकडा पाहावा? पेशवाईंतील मुलकी कारभारांत या प्रश्नाला दोन काळीं दोन निरनिराळीं उत्तरें मिळालीं. तीं येथें थोडक्यांत मांडण्याचें आम्हीं योजिलें आहे.

थोरल्या माधवरावांच्या कारकीर्दींत व पुढें नाना फडणिसांच्या हातीं कारभार असतां मामलत ही बोली लावून घेण्याची वस्तु नव्हती. माहितगार व भरंवशाच्या माणसाकडे ती सोंपविली जाई आणि वर्तणूक वाईट ठरल्यास काढून घेतां येई. ऐपतीचीही कसोटी होतीच. वसूल हातीं येण्यापूर्वीं सरकारांत रसद भरावी लागे. तेव्हां पदरीं पैसा किंवा सावकाराकडे पत असल्यावांचून हें काम पत्करणें कठीण असे. तथापि सरकार केवळ ऐपतीवर विसंबत नसे. दिवाण, मुजुमदार, फडणीस, दप्तरदार इत्यादि दरकदार मामलतदाराच्या शेजारीं असत व त्यांस काढण्याचा अधिकार त्याला नसे. म्हणजे पात्रतेची परीक्षा नेमणुकीच्या दिवशीं संपत नसून कामाबरोबर चालूं राही.

दुसऱ्या बाजीरावांच्या कारकीर्दींत (१७९६–१८१८) हा क्रम पालटला. एल्फिन्स्टन यानें १८१९ सालीं केलेल्या अहवालांत याचें वर्णन आहे. मामलतीचा जणूं लिलाव होऊं लागला. पेशव्यांच्या भोंवतालच्या मंडळींनीं चढाओढीनें बोली करावी असें उत्तेजन मिळे, आणि जो मागें घेई त्याजवर कधीं कधीं इतराजीही होई. पुढील वर्षीं कोणी अधिक आंकडा बोलला कीं मामलत त्याच्याकडे जाई. एका वर्षाच्या धन्यास जमिनीची चौकशी करण्यास वेळ कोठून मिळणार? तो नफा ठेवून पोटमक्ते देई, पोटमक्तेदारही तेंच करी, आणि अखेर मक्ता पाटलापर्यंत येऊन ठेपे. पाटलानें घेतला तर तो गांवाचा सर्वाधिकारी होई. न घेतला तर कुळाची शक्ति किती, हें कुळकर्ण्याकडून काढून वसूल होई. बोली वाड्यांत लागे, पण ती फेडी रयत.

मक्त्याच्या मुदतीवरून केवढें राजकारण पेटूं शके, याचें उदाहरण अहमदाबादेचें. पेशव्यांचा तेथील हिस्सा गायकवाडांस १८०० सालीं ५ वर्षांकरितां सालीना ५ लक्ष रुपयांनीं व १८०४ सालीं १० वर्षांकरितां साडेचार लक्षांनीं दिला होता. १८१४ सालीं मुदत सरतांच बाजीरावांनीं तो पुनः न देतां त्रिंबकजी डेंगळ्याकडे सोंपविला. या व इतर हिशेबी वादांकरितां पुण्यास आलेले गंगाधरशास्त्री पटवर्धन १८१५ सालीं पंढरपुरीं मारले गेले, हें सर्वश्रुत आहे.

या सर्वांवरून आम्हांस असें वाटतें कीं, आगाऊ पैसा घेणें हा मुख्य दोष नव्हे. तो प्रघात पूर्वींही होता. अनुभव, सचोटी व टिकाऊ मुदत या तीन अटी सुटल्या आणि एकटा आंकडा उरला, तेथें दोष शिरला. मक्तेदार काय देतो एवढेंच पाहणाऱ्या सरकारास तो तें कोठून आणतो हें दिसत नाहीं.