मागणी, परत हाक आणि मधला वेळ

शिरूर अनंतपाळ तालुक्यातील शिक्षकांस हजेरीपटाबरोबरच संगणकावरील नोंदीही ठेवाव्या लागतात. राज्यात २०१५ साली ‘सरल’ प्रणाली आल्यापासून हे काम विशेष वाढले. बटण दाबावे, चक्र फिरत राहावे, उत्तर येऊ नये आणि पुन्हा बटण दाबले जावे, हा अनुभव सार्वत्रिक आहे. मधल्या वेळात काय घडते हे कळल्यास पुष्कळ घोटाळे टळतील.

गिरणीत दळण ठेवून गृहिणी तेथेच उभी राहत नाही. ‘दळण झाले की हाक मारा’ असे सांगून ती घरची कामे उरकते. ब्राउझरचे वर्तनही असेच असते. ब्रेंडन आइक यांनी १९९५ साली रचलेली जावास्क्रिप्ट ही भाषा पानावर सामान्यतः एका वेळी एकच काम करते. दूरच्या सर्व्हरच्या उत्तरासाठी ती थांबली, तर सारे पान गोठेल. म्हणून ती मागणी पाठवते, ‘उत्तर आल्यावर अमुक करावे’ अशी सूचना ठेवते आणि पुढील कामास लागते. या सूचनेस ‘कॉलबॅक’, म्हणजे परत हाक, म्हणतात. पान न बदलता मागणी पाठवण्याच्या या पद्धतीस २००५ साली जेसी जेम्स गॅरेट यांनी ‘एजॅक्स’ हे नाव दिले.

यातून तीन नियम निघतात.

१. उत्तरावर अवलंबून असलेले काम परत हाकेनंतरच करावे. पीठ हाती येण्यापूर्वी भाकरी थापता येत नाही.

२. उत्तरे पाठवलेल्या क्रमानेच येतील असे नाही. लहान दळण आधी होते. म्हणून डब्यावर नाव हवे, तसेच प्रत्येक उत्तर कोणत्या मागणीचे आहे याची खूण हवी.

३. अपयशाचीही परत हाक लिहिलेली असावी. २०० हा अंक यशाचा, ४०४ म्हणजे मागितलेली वस्तू सापडली नाही, ५०० म्हणजे सर्व्हरमध्ये बिघाड. परंतु जाळे तुटल्यास कोणताच अंक येत नाही. त्यासाठी कालमर्यादा ठरवावी लागते.

येथे एक बारकावा आहे. मौन म्हणजे नकार नव्हे. मागणी सर्व्हरपर्यंत पोहोचून नोंद झालेली असू शकते. केवळ उत्तर वाटेत हरवलेले असते. अशा वेळी पुन्हा बटण दाबल्यास एकाच मुलाची दोनदा नोंद होण्याचा संभव असतो. म्हणून आधी यादी उघडून पाहावी, नोंद नसेल तरच पुन्हा पाठवावी.

मूल गाव बदलते तेव्हा नवी शाळा विनंती पाठवते व जुनी शाळा मान्यता देते. ती मान्यता हीच तेथील परत हाक होय. ती येईपर्यंत मुलाचे नाव कोणत्या तरी एका यादीत निश्चित आहे ना, हे दोन्ही शाळांनी पाहावे. ‘पाठवले’ आणि ‘पोहोचले’ या दोन शब्दांमधील अंतरात एखादे मूल हरवू नये, एवढी दक्षता शिक्षकबंधुभगिनींनी घ्यावी.