गणेशखिंडीतील चार हात अंतर

शिवाजीनगर मागे टाकून गणेशखिंडीच्या रस्त्याने वायव्येस निघालेल्या आणि वाहनांच्या कोलाहलाने कान किटलेल्या पुणेकरास विद्यापीठाच्या फाटकातून आत पाऊल टाकताच जे सुख प्रथम लाभते ते छायेचे, आणि त्यामागोमाग लाभते ते ऐसपैसपणाचे. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचे हे आवार ४११ एकरांचे आहे. फाल्गुनात काटेसावर आणि पांगारा निष्पर्ण फांद्यांवर लाल फुले मिरवू लागतात, चैत्रात पिंपळाची तांबूस पालवी उन्हात झळकते, कडुनिंबाच्या मोहोराचा सुगंध सकाळच्या हवेत दरवळतो, आणि वैशाखाची चाहूल लागताच बहाव्याचे पिवळे घोस लोंबू लागतात. या तीन महिन्यांत मोकळ्या हवेत, परस्परांस अडचण न करता वेळ घालविण्यास याहून प्रशस्त जागा शहराच्या इतक्या निकट क्वचितच सापडेल.

ही प्रशस्तता मात्र विद्यार्थ्यांच्या सुखासाठी निर्माण झालेली नव्हे. अमेरिकेतील यादवीमुळे कापसाचे भाव कडाडले आणि मुंबई इलाख्यात पैशाचा पूर आला, त्या काळात, १८६४ साली, गव्हर्नर सर बार्टल फ्रियर यांनी येथे सरकारवाड्याचे काम सुरू केले. वास्तुकार जेम्स ट्रबशॉ यांच्या आराखड्याप्रमाणे उभारलेली ही उत्तुंग मनोऱ्याची पाषाणी वास्तू १८७१ मध्ये पुरी झाली, आणि तिच्या खर्चावरून विलायतेच्या पार्लमेंटातही टीकेचे ताशेरे झडले. पावसाळ्यात गव्हर्नरसाहेबांचा मुक्काम येथे असे. वाड्याभोवतीची विस्तीर्ण भूमी, तीतील वृक्षराजी आणि वेशीवरचा पहारा यांनी मिळून राज्यकर्ता आणि रयत यांच्यामध्ये जे अंतर ठेवले होते, ते त्या राजवटीच्या बंदोबस्ताचाच एक भाग होते.

१८९७ सालच्या प्लेगात या अंतराचे उग्र रूप पुण्याने पाहिले. त्या वर्षीच्या साथरोग कायद्याच्या आधारे गोऱ्या शिपायांच्या तुकड्या घराघरांत शिरून झडत्या घेत, आणि रोगी वा संशयित दिसेल त्यास कुटुंबापासून तोडून छावणीत नेत. त्याच साथीत शहराबाहेर डॉक्टर पुत्र यशवंत यांच्या समवेत रोग्यांची शुश्रूषा करणाऱ्या सावित्रीबाई फुले एका आजारी मुलास स्वतः उचलून दवाखान्यात नेत्या झाल्या. त्यांना संसर्ग झाला, आणि १० मार्चला, ऐन वसंताच्या तोंडाशी, त्यांचे देहावसान झाले. पुढे २२ जूनच्या रात्री व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या हीरक महोत्सवाचा समारंभ याच सरकारवाड्यात आटोपून परतणारे प्लेग अधिकारी रँड आणि लेफ्टनंट आयर्स्ट यांच्यावर चाफेकर बंधूंनी गणेशखिंडीच्या रस्त्यावर गोळ्या झाडल्या. रोगाच्या निमित्ताने माणसाला माणसापासून दूर करणारी सत्ता, आणि रोग्यास जवळ घेताना स्वतःच्या प्राणांची तमा न बाळगणारी स्त्री, या दोहोंची स्मृती आज या एकाच आवारात नांदते.

स्वातंत्र्यानंतर मुख्यमंत्री बाळासाहेब खेर यांच्या प्रयत्नांनी ही मिळकत नव्या विद्यापीठाच्या हाती आली. १० फेब्रुवारी १९४९ रोजी विद्यापीठाची स्थापना झाली, बॅरिस्टर मु. रा. जयकर पहिले कुलगुरू झाले, आणि २०१४ मध्ये विद्यापीठाच्या नावाआधी सावित्रीबाईंचे नाव लागले. त्यानंतर सहाच वर्षांनी, मार्च २०२० मध्ये, करोनाच्या निवारणासाठी राज्य सरकारने १८९७ चा तोच जुना कायदा लागू केला आणि सहा फुटांच्या, म्हणजे चार हातांच्या अंतराचे फर्मान निघाले. या खेपेस पोलिसांचा पहारा होता, दंडही होता; परंतु घरातील वृद्धांच्या काळजीने आपण होऊन दूर उभे राहणारी माणसेही असंख्य होती, आणि अंतर हे तुच्छतेप्रमाणेच आस्थेचेही असू शकते, हे त्यांच्या वागण्याने सिद्ध झाले.

आस्थेचे हे अंतर राखून वसंताचा उपभोग घेण्यास विद्यापीठाचे आवार सर्वथा अनुकूल आहे. रस्ते रुंद व सावलीचे असल्याने दोघे मित्र दोन कडांनी चालले तरी संभाषण तुटत नाही. सायकलस्वारास वाट मिळते, चित्रकारास मुख्य इमारतीच्या कमानी आणि मनोरा समोर मिळतो, आणि जयकर ग्रंथालयाच्या परिसरात स्पर्धा परीक्षांचे विद्यार्थी झाडाखाली पुस्तकात डोके घालून बसलेले दिसतात. आवारातच आयुका ही खगोलशास्त्राची संस्था आहे. चार्ल्स कोरिआ यांनी रचिलेल्या तिच्या अंगणात आर्यभट, गॅलिलिओ, न्यूटन आणि आईनस्टाईन यांचे पुतळे एकमेकांपासून पुरेशा अंतरावर विराजमान आहेत. शतकांच्या अंतराने जन्मलेल्यांना ते काही जड गेलेले दिसत नाही.

पक्षिनिरीक्षकांसाठी हे दिवस विशेष मोलाचे. तांबटाची एकसुरी ठकठक आणि कोकिळाची साद तर सर्वत्र ऐकू येतेच. परंतु जुन्या वृक्षांवर वावरणारा राखी धनेश दिसला तर पावलांना आवर घालावा. विणीच्या या हंगामात धनेशाची मादी झाडाच्या ढोलीत शिरून ढोलीचे तोंड लिंपून घेते, केवळ एक अरुंद फट शिल्लक ठेवते, आणि नर कित्येक आठवडे वड-पिंपळाची फळे आणून त्या फटीतून तिला भरवितो. ढोलीजवळ गर्दी झाली तर बुजलेला नर चोचीतले फळ घेऊन तसाच ताटकळतो. म्हणून येथे माणसाने चार हात नव्हे, चाळीस हात दूर उभे राहावे आणि दुर्बिणीचा आश्रय घ्यावा.

ऊन तापण्यापूर्वी, शक्यतो सकाळी आठाच्या आत यावे. ओळखपत्र जवळ बाळगावे, फाटकावरील पहारेकऱ्यास प्रवेशाचा प्रचलित नियम विचारावा, पाण्याची बाटली आणि एखादी सतरंजी आणावी. मात्र एकट्याने येऊ नये. बरोबर वृद्ध आईवडील, शेजारची मुले, जुने सहाध्यायी असे जितके जण येतील तितके आणावेत. एका कुटुंबाच्या इतमामासाठी राखलेली ही जागा सर्वांना सुटसुटीत बसता येईल इतकी मोठी आहे, आणि गव्हर्नरसाहेबांच्या उधळपट्टीचा याहून चांगला विनियोग संभवत नाही.