कामगारावर कारवाई : एवढा वेळ का लागतो?



वार्षिक सर्वसाधारण सभेत एक प्रश्न दरवर्षी हमखास येतो. विषयपत्रिकेवर नसला तरी येतो. मागून कोणी तरी उठतो नि म्हणतो, "काट्यावरचा अमका पैसे खातो हे साऱ्या गावाला ठाऊक आहे. मग त्याला अजून ठेवलाय कशाला? उद्यापासून घरी बसवा!" टाळ्या पडतात. आम्ही व्यासपीठावरून "चौकशी चालू आहे" म्हणतो नि मंडपात हशा पिकतो. चौकशी म्हणजे वेळकाढूपणा अशीच समजूत झाली आहे, आणि कधी कधी तिला आम्हीच कारण झालो आहोत. तरीही ही चौकशी गाळली तर चाट कोणाला बसते, ते एकदा नीट सांगायला हवे.

आधी आमचीच चूक सांगतो. काही हंगामांपूर्वी ऐन गाळपात, रात्रपाळीला, एका सभासदाच्या उसाचे वजन कमी दाखवल्याची तक्रार झाली. यार्डात माणसे जमली, आवाज चढले, गव्हाण बंद पाडण्याची भाषा निघाली. आम्ही घाबरलो म्हणा किंवा भरीस पडलो म्हणा, त्याच रात्री काटा-कारकुनाच्या हातात कामावरून कमी केल्याचा कागद दिला. सकाळी वाहवा झाली. पुढे तो कामगार न्यायालयात गेला. आरोपपत्र कुठे आहे? खुलासा मागितला का? साक्ष कोणाची घेतली? आमच्याजवळ तो एक कागद तेवढा होता. न्यायालयापुढे पुरावा देण्याची संधी मिळाली, नाही असे नाही. पण तोवर काही वर्षे गेलेली, गाडीवान कुठल्या कुठे गेलेला, वजनाची पावती सापडेना. शेवटी त्याला परत घ्यावे लागले आणि घरी बसलेल्या काळाचा पगारही मोजावा लागला. तो पैसा आकाशातून पडला नाही. तुमच्या-आमच्या उसाच्या बिलातूनच गेला.

हे काही एकट्या आमच्याच नशिबी आले असे नाही. महाराष्ट्राने १९७१ साली अनुचित कामगार प्रथांना आळा घालणारा कायदा केला. त्यात अवाजवी घाईने किंवा नैसर्गिक न्याय डावलून कामगाराला काढणे ही अनुचित प्रथाच ठरवली आहे. क्षुल्लक चुकीला भलतीच मोठी शिक्षा देणेही त्यातच येते. त्याच साली औद्योगिक विवाद कायद्यात ११-अ कलम आले आणि बडतर्फी जास्त वाटली तर ती बदलून हलकी शिक्षा देण्याचा अधिकार न्यायाधिकरणाला मिळाला. २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेतही तो ठेवला आहे. २०१३ साली तर सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातल्याच एका शिक्षिकेच्या प्रकरणात सांगितले, की सेवा बेकायदा संपवली असेल तर मागील पगारासह परत घेणे हा सर्वसाधारण नियम समजावा.

मग रीत कोणती? आधी आरोपपत्र. "हा माणूस वाईट आहे" असे लिहून भागत नाही. तारीख, पाळी, गाडी नंबर, काय केले आणि स्थायी आदेशातील कोणती गैरवर्तणूक झाली, हे त्यात पाहिजे. मग त्याचा लेखी खुलासा. तो पटला नाही तर खातेअंतर्गत चौकशी. तिथे साक्षीदार त्याच्यासमोर बोलतात, त्याला उलटतपासणी करता येते, आपले साक्षीदार आणता येतात. तक्रार करणारा, साक्ष देणारा आणि निकाल देणारा एकच माणूस नसावा. संचालकांनी मधेच चौकशी अधिकाऱ्याला निरोप धाडू नयेत. हे वाक्य आम्ही स्वतःसाठीच लिहीत आहोत. दोष शाबीत झाला तर अहवालाची प्रत शिक्षेआधी कामगाराला द्यावी लागते. सर्वोच्च न्यायालयाने १९९३ साली हे ठरवून दिले.

चौकशी होईपर्यंत निलंबित ठेवता येते, पण फुकट नाही. पहिले ९० दिवस पगाराच्या निम्मा निर्वाह भत्ता, आणि त्याच्या दोषाशिवाय लांबले तर त्यापुढे ७५ टक्के. म्हणजे आम्ही जितके रेंगाळू, तितका भुर्दंड वाढतो.

सगळ्या चुका बडतर्फीच्याही नसतात. उशिरा येणे, एखादा खाडा, पाळीवर डुलकी, यांना ताकीद, ठपका किंवा दंड असतो. दंडालाही मर्यादा आहे : त्या वेतनकाळाच्या पगाराच्या ३ टक्क्यांवर जाता येत नाही आणि ती रक्कम कामगारांच्याच हिताच्या कामी लावावी लागते. मात्र डुलकी-डुलकीत फरक आहे. गोदामावरचा पहारेकरी पेंगला तर ताकीद पुरे. बॉयलरवरचा माणूस पाण्याची पातळी न पाहता झोपला तर माणसे मरतील. दोघांना एकच माप लावा म्हणणाऱ्यांशी आम्ही सहमत नाही.

आता मूळ दुखणे. चौकशीला फौजदारी कोर्टासारखा निःसंशय पुरावा लागत नाही, पण काहीतरी पुरावा लागतोच. "गावाला ठाऊक आहे" हा पुरावा नव्हे. यार्डात ओरडणारे पुष्कळ, पण तारखेला बोलावले की कोणाचा तो भाचा निघतो, कोणाला पाहुण्याकडे जायचे असते. बीडकडचे गाडीवान तर पट्टा पडला की गावी निघून जातात. म्हणून यापुढे वजनाच्या आणि पैशाच्या तक्रारींत गाडीवानांची साक्ष हंगाम चालू असतानाच घ्यायची, असे ठरवले आहे.

तुमच्याकडून हवे आहे ते इतकेच, की तक्रार त्याच दिवशी, लेखी, टाईम ऑफिसात द्यावी. गाडी नंबर, पावती नंबर आणि वेळ लिहावी, पावती जपून ठेवावी आणि पोच घेतल्याशिवाय परतू नये. साक्ष दिली तर शेतकी खात्याचा माणूस तोड मागे टाकील, अशी धास्ती अनेक सभासदांनी आम्हाला खाजगीत बोलून दाखवली आहे. ती खोटी आहे असे आम्ही म्हणत नाही. साक्ष दिलेल्या सभासदाची तोडणीची तारीख मागे गेली, तर तीही तक्रार लेखी द्या. तिचे आरोपपत्र वेगळे निघेल.