बाळंतपण आणि बालसंगोपन : बौद्ध कुटुंबाची जबाबदारी

धम्मदीक्षेनंतर आपण घरातील देव्हारे काढले, नवस बंद केले, लग्ने त्रिशरण-पंचशील घेऊन लावू लागलो. परंतु घरातील एक खोली अशी आहे की जिथे जुना धर्म अजून आतून कडी लावून बसलेला आहे. ती खोली म्हणजे बाळंतिणीची खोली. पाचव्या रात्री सटवाई येते आणि बाळाच्या कपाळावर नशीब लिहून जाते, म्हणून पाट्यापाशी कोरा कागद आणि लेखणी ठेवायची, रात्रभर दिवा जळत ठेवायचा. वाचनालयाला देणगी देणाऱ्या आणि वर्षावासात ग्रंथवाचन करणाऱ्या घरांतूनही हे चोरून होते. विचारले तर उत्तर मिळते, "म्हाताऱ्या माणसांचं मन कशाला दुखवायचं?"

म्हाताऱ्या माणसांचे मन मला कळते. माझ्या आईची सात बाळंतपणे झाली आणि आम्ही चार भावंडे उरलो. तीन मुले गेलेल्या बाईला कोणाला तरी विचारावेसे वाटणारच, आणि गावात विचारण्यासारखी सटवाईखेरीज दुसरी कोणी नव्हती. एवढ्या जुन्या काळी पाचव्या रात्रीची भीती का बसली असावी, हेही समजण्यासारखे आहे. अस्वच्छ विळ्याने नाळ कापली की धनुर्वात होई, आणि बाळ पहिल्या काही दिवसांतच दूध ओढणे बंद करून आखडून जाई. त्याला कारण सापडले नाही, म्हणून देवी सापडली. आज कारण माहीत आहे. गर्भवतीला धनुर्वाताची लस दिली, नाळ स्वच्छ पात्याने कापली आणि तिच्यावर शेण, राख, हळद काही लावले नाही की ती भीती संपते.

आपल्या महामानवांच्या घरांतही हे दुःख होते. सिद्धार्थ सात दिवसांचा असताना महामाया गेली. महाप्रजापती गौतमीने त्याला आपल्या दुधावर वाढवले आणि स्वतःच्या मुलाला, नंदाला, दाईच्या हाती दिले, अशी परंपरा सांगते. डॉ. बाबासाहेब आंबेडकर हे आपल्या आईवडिलांचे चौदावे अपत्य. त्यांची कित्येक भावंडे लहानपणीच गेली आणि आई भीमाबाई १८९६ मध्ये, म्हणजे भीमराव अगदी लहान असताना गेल्या. पुढे रमाई आणि बाबासाहेब यांना पाच मुले झाली. त्यांपैकी एकटे यशवंतराव जगले. गंगाधर, रमेश, इंदू आणि शेवटी १९२६ मध्ये राजरत्न, असे चार मृत्यू त्या माउलीने पाहिले. रमाईचा त्याग आपण दरवर्षी भाषणांतून सांगतो, गोवऱ्या थापल्याचे सांगतो. त्या शरीरावर पाच बाळंतपणे आणि चार मुलांचे मृत्यू यांचा किती भार पडला असेल, हे मात्र सहसा कोणी सांगत नाही. २७ मे १९३५ रोजी त्या गेल्या.

हे मनात ठेवून बाबासाहेबांचे विधिमंडळातील काम वाचावे. १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात गिरणीतील कामगार स्त्रियांना प्रसूती लाभ देण्याचे बिल आले, तेव्हा त्यांनी त्याला पाठिंबा दिला. आईला प्रसूतीच्या आधी आणि नंतर विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्याच हिताचे आहे आणि त्या खर्चाचा मोठा वाटा सरकारने उचलावा, असे त्यांचे म्हणणे होते. १९२९ मध्ये तो कायदा झाला. १९४३ मध्ये व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री असताना खाणकामगार स्त्रियांच्या प्रसूती लाभाच्या कायद्यातील दुरुस्ती त्यांनीच मांडली. पुढे १९६१ चा देशव्यापी कायदा आला. २०१७ च्या दुरुस्तीने रजा २६ आठवडे झाली, आधीची दोन मुले असल्यास ती १२ आठवडे मिळते. याच तरतुदी सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मध्ये घेतल्या आहेत. धुणीभांडी करणारी, बिगारी काम करणारी किंवा ऊसतोडणीला जाणारी आपली भगिनी या रजेच्या अजून बाहेरच आहे, हेही येथे नोंदवले पाहिजे.

संततिनियमनाबाबतही तसेच. र. धों. कर्वे यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले आणि १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवले. त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला भरला गेला, तेव्हा १९३४ मध्ये बाबासाहेब वकील म्हणून त्यांच्या बाजूने उभे राहिले. १० नोव्हेंबर १९३८ रोजी मुंबई विधानसभेत स्वतंत्र मजूर पक्षाचे प्र. ज. रोहम यांनी संततिनियमनाचा ठराव मांडला. त्यामागचे भाषण बाबासाहेबांचे होते. ठराव फेटाळला गेला. १९४२ च्या जुलैमध्ये नागपूरच्या महिला परिषदेत त्यांनी हाच विषय स्त्रियांपुढे ठेवला : लग्नाची घाई करू नका, फार अपत्ये होऊ देऊ नका.

हे सर्व मी बी. ए. च्या वर्गात असतानाच वाचले होते. वादविवाद स्पर्धेत बोललोही होतो. आणि तरीही माझा मुलगा अकरा महिन्यांचा असताना पत्नीला पुन्हा दिवस गेले. अंगावर पाजते आहे तोवर दिवस जात नाहीत, असे आईने सांगितले होते आणि ते आम्ही प्रमाण मानले. वस्तुतः बाळ सहा महिन्यांच्या आतले असेल, रात्रंदिवस केवळ अंगावरच पीत असेल आणि पाळी सुरू झालेली नसेल, तरच त्या म्हणण्यात तथ्य आहे. सातव्या महिन्यात पत्नीला जिना चढता येईना. रक्त तपासले तर हिमोग्लोबिन साडेसात. गर्भवतीला ते किमान ११ हवे आणि ७ च्या खाली गेले तर जिवाला धोका असतो. सरकारी दवाखान्यातून मिळालेल्या लोहाच्या गोळ्या घरात कपाटावरच्या डब्यात तशाच सापडल्या. त्या घेतल्या की मळमळते आणि शौचाला काळे होते, म्हणून तिने बंद केल्या होत्या. मला सांगितले नव्हते. मीही चार महिन्यांत एकदाही विचारले नव्हते. घरी दोन्ही जेवणांनंतर चहा होई आणि चहाने लोह अंगी लागत नाही, हे तेव्हा आम्हा दोघांनाही ठाऊक नव्हते.

दोन बाटल्या रक्त द्यावे लागले. मुलगी दिवस भरण्याआधी झाली, वजन १ किलो ९०० ग्रॅम. तिथल्या परिचारिकेने मला शर्ट काढायला सांगितले आणि बाळाला माझ्या उघड्या छातीशी बांधले. मला प्रथम वाटले की ही चेष्टा आहे. कमी वजनाच्या बाळाला अंगाची ऊब द्यायची ही पद्धत आहे, आणि आई थकली असेल तेव्हा बापानेही ती ऊब देता येते. तीन आठवडे बँकेतून आलो की हेच काम. आज ती मुलगी दहावीला आहे.

म्हणून तरुण सभासदांना सांगतो की पाळणा लांबवणे म्हणजे काय, ते नीट समजून घ्या. एका प्रसूतीनंतर पुढचे दिवस जाण्यात किमान २४ महिन्यांचे अंतर असावे, म्हणजे दोन मुलांत साधारण तीन वर्षे पडतात. प्रसूतीनंतर ४८ तासांच्या आतच तांबी बसवता येते. दर तीन महिन्यांनी घ्यायचे 'अंतरा' इंजेक्शन आणि 'छाया' गोळ्या सरकारी दवाखान्यात विनामूल्य मिळतात. आणि कुटुंब पूर्ण झाले की शस्त्रक्रिया बाईनेच का करून घ्यायची? २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशात शस्त्रक्रिया झालेल्या स्त्रियांचे प्रमाण सुमारे ३८ टक्के आणि पुरुषांचे ०.३ टक्के निघाले. पुरुषाची बिनटाक्याची नसबंदी काही मिनिटांची असते. समतेवर भाषण करणाऱ्या आम्हा मंडळींना हा आकडा शोभत नाही.

आता प्रसूतीविषयी. मज्झिम निकायात अंगुलिमालाची कथा आहे. प्रसूतिवेदनांनी तळमळणाऱ्या स्त्रीसाठी तो सत्यवचन उच्चारतो आणि तिची सुटका होते. श्रीलंका, ब्रह्मदेश येथे ते परित्त गर्भवतीसाठी आजही म्हणतात. आपल्याकडेही म्हणावे, बाईला धीर येतो. मात्र आधी १०८ ला फोन करावा आणि मग परित्त म्हणावे. डोके सतत दुखणे, डोळ्यांपुढे अंधारी, चेहऱ्यावर सूज, अंगावर जाणे, बाळाची हालचाल मंदावणे, यांपैकी काहीही झाले तरी सकाळची वाट पाहू नये. २०१८–२० च्या नमुना नोंदणीनुसार महाराष्ट्रात एक लाख जिवंत जन्मांमागे ३३ माता दगावल्या, देशात ९७.

पहिला चिकाचा पिवळसर दूधही काही घरांत अजून पिळून टाकतात आणि बाळाला मध-पाणी चाटवतात. चीक ही बाळाची पहिली लसच आहे. पहिल्या तासात बाळ अंगावर घ्यावे आणि सहा महिने वरचे पाणीसुद्धा देऊ नये, गुटी तर नाहीच. सहा महिन्यांनंतर मात्र नुसत्या दुधावर ठेवू नये. नाचणीची खीर, मुगाची मऊ खिचडी, वरून थोडे तेल किंवा तूप. डिंकाचे आणि अळिवाचे लाडू बाळंतिणीने जरूर खावेत. अळिवात लोह असते, त्यात कसलीही अंधश्रद्धा नाही. तिला वरण-भाताशिवाय काही न देणे आणि पाणी तोडणे ही मात्र चूक आहे.

बँकेत बसून मला एक गोष्ट रोज दिसते, ती येथे लिहितो. प्रधानमंत्री मातृवंदना योजनेत पहिल्या बाळासाठी ५,००० रुपये दोन हप्त्यांत मिळतात, आणि दुसरे अपत्य मुलगी असेल तर ६,००० रुपये. अनुसूचित जातीच्या स्त्रियांचा पात्र गटांत समावेश आहे. पैसे आईच्या स्वतःच्या खात्यात येतात, नवऱ्याच्या नाही. कडेवर तान्हे आणि पदराला दुसरे घेऊन एखादी भगिनी काउंटरवर येते आणि म्हणते, "साहेब, अंगणवाडीताई म्हणतात पैसे पडले, पुस्तकात नाहीत." बहुधा तिची दोन खाती असतात. एक माहेरचे, एक सासरचे. आधार जोडणी शेवटी ज्या बँकेत झाली, तिकडेच रक्कम जाते. माहेरच्या खात्याचे पुस्तक गावी, खाते वापराविना निष्क्रिय, आणि सासूबाईंना वाटते सुनेने पैसे दडवले. दिवस राहिल्याची नोंद अंगणवाडीत किंवा आशाताईंकडे करतानाच आपले आधार कोणत्या बँकेशी जोडलेले आहे ते विचारून घ्यावे, चुकीच्या असेल तर हव्या त्या बँकेत एक अर्ज द्यावा. शाळा-महाविद्यालयात जाणाऱ्या आपल्या मुलांनी वस्तीतील एवढे काम केले तरी पुष्कळ होईल.

शेवटी थोरल्या मुलाविषयी थोडे. दुसरे बाळ आले की सगळे घर पाळण्याभोवती जमते. आमचा मुलगा तेव्हा वीस महिन्यांचाही नव्हता. तो बोलायचा थांबला, अंथरूण ओले करू लागला, एकदा बहिणीच्या बोटाला कडकडून चावला. मी त्याला मारले. आज त्याचे वाईट वाटते, कारण तो खोडकर झाला नव्हता, घाबरला होता. सिगालोवाद सुत्तात आईवडिलांची पाच कर्तव्ये सांगितली आहेत : पापापासून आवरणे, चांगल्याकडे वळवणे, विद्या-कला शिकवणे, योग्य जोडीदार पाहणे, वेळेवर वारसा देणे. दूध पाजण्याचा, कुशीत घेण्याचा त्यात उल्लेख नाही. पण मुलाचे जे पहिले कर्तव्य सांगितले आहे, त्याची सुरुवातच 'यांनी मला पोसले' या जाणिवेने होते. पोसणे हे तिथे गृहीतच धरलेले आहे.

माझ्या आईने मग तोडगा काढला. बाळाचे लंगोट दोरीवरून काढून आणायचे काम तिने त्याच्याकडे दिले आणि संध्याकाळी त्याला फिरवून आणणे माझ्याकडे. दोन महिन्यांनी नामकरणाच्या दिवशी वंदना झाल्यावर बहिणीचे नाव सर्वांत आधी मोठ्याने त्यानेच घेतले, तेही अर्धेच. आईने पाचवीला मांडायचा म्हणून जपून ठेवलेला कोरा कागद त्या दिवशी तिनेच मला आणून दिला आणि म्हणाली, यावर तिच्या लसींच्या तारखा लिही : जन्मतः बीसीजी आणि पोलिओ, मग दीड, अडीच, साडेतीन महिने, गोवराची नवव्या महिन्यानंतर. मी लिहिल्या. तो कागद स्वयंपाकघराच्या दारामागे दोन वर्षे चिकटवलेला होता.