डी २०० च्या अलीकडे, पलीकडे

पीएलसीचा इतिहास सांगताना बहुतेक जण प्रोसेसरच्या वेगाकडे वळतात. वेग वाढला, यात वाद नाही. पण मेंटेनन्सच्या माणसाला रात्री-अपरात्री कारखान्यात बोलावणारा प्रश्न बहुधा मेमरीचाच निघत आला आहे. आकडा कुठे ठेवला होता? लाइट गेल्यावर तो राहिला का? आणि त्याच जागी आणखी कुणी काही लिहीत तर नव्हतं?

सुरुवात अमेरिकेतली, १९६८ ची. गिअरबॉक्स बनवणारा जनरल मोटर्सचा हायड्रामॅटिक विभाग रिलेच्या पॅनेलांना विटला होता. मॉडेल बदललं की सगळी वायरिंग उपसा आणि नव्याने ओढा. मॅसॅच्युसेट्समधल्या बेडफर्ड असोसिएट्समध्ये डिक मॉर्ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर जे यंत्र तयार केलं ते मॉडिकॉन ०८४. हा त्यांचा चौऱ्याऐंशीवा प्रकल्प, म्हणून हा आकडा. कधीच बाहेर न गेलेल्या पहिल्या यंत्रात जेमतेम १२५ वर्डची मेमरी होती आणि ती बघता बघता संपली, असं मॉर्लींनी नंतर लिहून ठेवलं.

त्या काळची मेमरी चुंबकीय कोअरची, म्हणजे तारांत ओवलेल्या बारीक फेराइट कड्यांची. वीज गेली तरी कड्यांचं चुंबकत्व जात नसे, त्यामुळे प्रोग्रॅमही जात नसे. विसरण्याची खोड पीएलसीला लागली ती सेमीकंडक्टर रॅम आल्यावर. रॅम लहान, स्वस्त, चपळ, पण सप्लाय तुटला की कोरी. मग शेजारी बॅटरी बसली. ज्यांचा बॅटरीवर भरवसा नव्हता त्यांनी प्रोग्रॅम ईप्रॉमवर उतरवला. काचेची खिडकी असलेली ती चिप पुसायला अतिनील दिव्याखाली ठेवावी लागे. एका टायमरची वेळ बदलायची तरी हा सगळा खटाटोप. प्रगती म्हणतात ती अशीही असते.

प्रोसेसरचं काम मात्र तेव्हापासून फारसं बदललेलं नाही. इनपुट वाचून मेमरीत त्यांचं चित्र घ्यायचं, लॅडर वरून खाली सोडवायचा, निकाल आउटपुटवर टाकायचा, पुन्हा पहिल्यापासून. स्कॅन चालू असताना बाहेरचा लिमिट स्विच हलला तरी लॅडरला तो पुढच्या फेरीतच दिसतो. या शिस्तीमुळेच लॅडर वाचून दोष शोधता येतो. नव्वदच्या दशकाच्या शेवटी आलेल्या ॲलन-ब्रॅडलीच्या कंट्रोललॉजिक्सने ही शिस्त सोडली. तिथे इनपुट आपापल्या गतीने, स्कॅनच्या मध्येही बदलतात. त्याच कंपनीच्या जुन्या पीएलसी-५ वर हात बसलेल्यांना ओळ ५ मध्ये ऑन असलेला बिट ओळ ५० मध्ये ऑफ दिसू लागला. तेव्हापासून स्कॅनच्या तोंडाशी सगळे इनपुट वेगळ्या टॅगमध्ये उतरवून घ्यायची रीत पडली. जुनं चित्र हाताने काढायचं, इतकंच.

मेमरीची वाटणी प्रत्येक कंपनीने आपापल्या घरच्या रीतीने केली. १९७९ मध्ये मॉडिकॉनने मॉडबस आणलं आणि कॉइलना ०, डिस्क्रीट इनपुटना १, इनपुट रजिस्टरना ३, होल्डिंग रजिस्टरना ४ असे आकडे मागे लागले. पुढे मॉडिकॉनचे मालक बदलत गेले, आकडे राहिले. आजच्या एनर्जी मीटरच्या पुस्तिकेतही ४०००१ भेटतो. वायरवर तोच पत्ता शून्य म्हणून जातो, त्यामुळे एकाची गल्लत होते आणि मागितलेल्या रजिस्टरच्या शेजारचा आकडा हाती येतो. सीमेन्सने इनपुट, आउटपुट आणि मेर्कर, म्हणजे प्रोग्रॅमच्या आतली मेमरी, असे भाग ठेवले. ॲलन-ब्रॅडलीने फायली केल्या: बी ३ बिटांची, टी ४ टायमरची, एन ७ पूर्णांकांची. मित्सुबिशीच्या एफएक्समध्ये एक्स, वाय, एम, डी, त्यातही एक्स आणि वाय अष्टमान, म्हणजे एक्स ७ नंतर थेट एक्स १०. १९९३ च्या आयईसी ६११३१-३ मानकाने भाषा बऱ्याच जवळ आणल्या, वाटण्या मात्र ज्याच्या त्याच्याच राहिल्या.

या वाटण्यांत आपल्याकडे जिचा अर्थ सगळ्यात जास्त कळला ती रेघ डी २०० ची. एफएक्स २ एनमध्ये डी ० ते डी १९९ ही साधी रजिस्टरं, लाइट गेली की शून्य. डी २०० पासून पुढची बॅटरीच्या जोरावर टिकणारी. बिटांमध्ये तीच रेघ एम ५०० वर. ज्या देशात वीज सहसा जात नाही तिथला प्रोग्रॅमर बॅचचा आकडा डी १५० मध्ये ठेवून मोकळा होतो. भारनियमनाच्या वर्षांत असंच मशीन इथे आलं, तर लाइट आल्यावर बॅच पुन्हा एकपासून मोजली जायची आणि अर्धा भरलेला टाकी-मिक्सर पुन्हा भरायला निघायचा. उपाय सोपा: रजिस्टर रेघेपलीकडे न्यायचं. पण मग बॅटरी जिवंत हवी, आणि बॅटरीचा लाल दिवा महिनोन् महिने तसाच पेटलेला असायचा. त्या पिढीत प्रोग्रॅमही बहुधा त्याच रॅममध्ये राहायचा. सीमेन्सच्या एस ५ ची बॅटरी तर सप्लाय चालू ठेवूनच बदलायची असे. विजेचं काम करण्याआधी मेन स्विच पाडायचा, हा धडा ज्याने नीट गिरवला होता तोच इथे फसायचा.

दुसरी खोड एकावर एक चढलेल्या पत्त्यांची. मित्सुबिशीत डी १० आणि डी ११ ही दोन स्वतंत्र सोळा-बिट घरं. सीमेन्समध्ये आकडा बाइटचा असतो. मेर्करचा वर्ड एमडब्ल्यू १० म्हणजे बाइट १० आणि ११, एमडब्ल्यू ११ म्हणजे बाइट ११ आणि १२. मित्सुबिशीवर घडलेला माणूस एमडब्ल्यू १०, ११, १२ असे ओळीने वापरतो, आणि तापमानाचा आकडा हलला की वेगाचा आकडा आपोआप उडू लागतो. हा दोष कागदावर दिसत नाही, कारण प्रत्येक ओळ बरोबर असते. क्रॉस रेफरन्सची यादी समोर ठेवून बाइट बाइट तपासायची, एवढीच वाट.

१९९० च्या दशकात सीमेन्सचा एस ७-३०० आला, आणि पुढे त्याच्या नव्या सीपीयूंमधून बॅटरी गेली व एमएमसी कार्ड आलं. विसरणं संपलं, पण कार्डाशिवाय सीपीयू चालेना. ते काढून लॅपटॉपमध्ये घातलं आणि विंडोजने विचारलं म्हणून फॉरमॅट केलं, की कार्ड पीएलसीच्या कामातून गेलं.

मेमरीत जे आहे तेच पडद्यावर दिसतं, हा विश्वास २०१० मध्ये तुटला. स्टक्सनेट या मालवेअरने एस ७-३१५ आणि ४१७ सीपीयूंना लक्ष्य केलं आणि ओबी १ व ओबी ३५ या ब्लॉकांत आपला कोड घातला. प्रोग्रॅमिंगच्या संगणकावरची संपर्काची फाइलच त्याने बदलली होती, त्यामुळे ऑनलाइन जाऊन पाहणाऱ्याला ब्लॉक निर्मळ दिसत. वेगाच्या सगळ्या गोष्टींपेक्षा ही घटना मला या इतिहासात मोठी वाटते.

२०१२ च्या अखेरीस आलेल्या एस ७-१५०० ने पत्तेच पुसायला सांगितलं. ऑप्टिमाइज्ड ब्लॉकमध्ये नाव असतं, जागा कंपायलर ठरवतो. बाइटांची चढाचढ तिथे होऊच शकत नाही, आणि टिकवायचं काय हे प्रत्येक नावापुढच्या रकान्यात ठरतं. फायदा निर्विवाद आहे. तरी जुनं स्काडा पत्ता मागतं म्हणून ‘ऑप्टिमाइज्ड’पुढची खूण काढून टाकलेले ब्लॉक सर्रास दिसतात.

जुन्या प्रोग्रॅमांची सोय तर त्याहून पुढे जाते. एस ५ च्या टायमरला एकच वर्ड मिळत असे: तीन दशमान अंक आणि वेळेचं एकक. म्हणून तो जास्तीत जास्त २ तास ४६ मिनिटं ३० सेकंद मोजे, आणि भट्टी तीन तास तापवायची तर टायमरला काउंटर जोडावा लागे. एस ७-१५०० मधला १५१८ सीपीयू एका बिटाचं काम एका नॅनोसेकंदात उरकतो, आणि त्याच्यात हे टायमर आजही २०४८ आहेत, तेवढ्याच मर्यादेसकट.