स्पोर्ट्स कारचे इंजिन निवडताना: आकडा आणि स्वभाव

स्पोर्ट्स कारचे माहितीपत्रक उघडले की एकाच गाडीसाठी दोन-तीन इंजिने समोर येतात. प्रत्येकापुढे अश्वशक्ती, टॉर्क, शून्यापासून ताशी १०० किलोमीटरचा वेग गाठायला लागणारे सेकंद आणि शेवटी किंमत. त्यावर मिळणारा सल्लाही ठरलेला असतो: खिशाला झेपेल तेवढे मोठे इंजिन घ्या. एक इंजिन दुसऱ्याहून कमी-जास्त असते, जातीने वेगळे नसते, असे हा सल्ला गृहीत धरतो. प्रत्यक्षात काही पर्यायांमध्ये फक्त आकडा वाढतो, तर काहींमध्ये गाडीचा स्वभावच बदलतो. या लेखाचे म्हणणे एवढेच आहे की, स्वभाव बदलत असेल तर जादा पैसे मोजण्याला अर्थ आहे. आकडाच वाढत असेल तर धाकटे इंजिन घेणे अधिक शहाणपणाचे. हे तपासायला पोर्शेच्या ७१८ केमनइतके सोयीचे उदाहरण सापडणे अवघड. गाडीचा सांगाडा तोच, इंजिनाची जागा तीच, म्हणजे आसनांच्या मागे आणि मागच्या आसाच्या पुढे, आणि त्या जागेत अगदी वेगळ्या प्रकृतीची इंजिने बसवलेली.

केमनचे उघड्या छताचे भावंड म्हणजे बॉक्स्टर. १९९६ मध्ये आलेल्या पहिल्या बॉक्स्टरपासून या घराण्यात सहा सिलिंडरांचे बॉक्सर इंजिन होते. बॉक्सर म्हणजे पिस्टन आडवे आणि समोरासमोर असलेले. २०१६ मध्ये ही परंपरा मोडली. ७१८ हे नाव पोर्शेच्या १९५७ सालच्या, चार सिलिंडरांच्या शर्यतीच्या गाडीवरून घेतले, आणि टर्बोचार्जर लावलेली चार सिलिंडरांची दोन नवी इंजिने आणली: २ लिटरचे, ३०० अश्वशक्तीचे, आणि ‘एस’ या वरच्या आवृत्तीसाठी २.५ लिटरचे, ३५० अश्वशक्तीचे. पुढे २०२० मध्ये ‘जीटीएस ४.०’ ही सहा सिलिंडरांची आवृत्ती आली: टर्बोविना ४ लिटर, ४०० अश्वशक्ती. युरोपात जुलै २०२४ पासून सायबर सुरक्षेच्या नव्या नियमांमुळे या मालिकेची नेहमीची विक्री थांबली आणि २०२५ मध्ये पेट्रोल ७१८ चे उत्पादनही संपले. त्यामुळे ही निवड आता मुख्यतः जुन्या गाड्यांच्या बाजारात करावी लागते. तिथे विक्रेत्याच्या आकड्यांना भुलण्याचा धोका आणखी वाढतो.

माहितीपत्रकातला सर्वांत बोलका आकडा टॉर्कचा आहे. ‘एस’चा कमाल टॉर्क ४२० न्यूटन-मीटर, जीटीएस ४.० चाही ४२० न्यूटन-मीटर. कागदावर बरोबरी. पण ‘एस’मध्ये तो मिनिटाला १,९०० ते ४,५०० फेऱ्यांच्या दरम्यान मिळतो आणि ४.० मध्ये ५,००० ते ६,५०० च्या दरम्यान. शक्ती म्हणजे टॉर्क आणि फेऱ्यांचा वेग यांचा गुणाकार. म्हणून ४२० न्यूटन-मीटर २,५०० फेऱ्यांवर साधारण १५० अश्वशक्ती देतो, तर ६,५०० फेऱ्यांवर तोच टॉर्क ३८९ च्या आसपास नेतो. एक इंजिन आपली कमाई आधीच हातावर ठेवते, दुसरे चढत जाणाऱ्याला देते. सेकंदांचा आकडाही असाच फसवा आहे. हाताने गिअर बदलायच्या गाड्यांमध्ये शून्य ते शंभरसाठी ‘एस’ला ४.६ सेकंद लागतात, ४.० ला ४.५. पण ‘एस’ला पीडीके स्वयंचलित गिअरबॉक्स आणि स्पोर्ट क्रोनो पॅकेज घेतले की ती ४.२ सेकंदांत शंभर गाठते, म्हणजे हाताने गिअर बदलायच्या ४.० च्या पुढे जाते. ज्या मोजपट्टीत गिअरबॉक्स बदलला की क्रम उलटतो, तिच्यावरून इंजिनाची पारख करता येत नाही.

ही लहान इंजिने आली कशी, हेही खरेदीदाराने जाणून घ्यावे. युरोपीय संघाने नव्या मोटारींच्या सरासरी कार्बन डायऑक्साइडसाठी किलोमीटरला ९५ ग्रॅमचे लक्ष्य ठेवले होते. मोजणीची जुनी एनईडीसी चाचणी ११ किलोमीटरची होती आणि तिचा सरासरी वेग ताशी जेमतेम ३४ किलोमीटर. इतक्या हलक्या भारावर लहान टर्बो इंजिन काटकसरी दिसते. जोरात हाकले की ती काटकसर बरीचशी विरते. करांचाही हात आहे. चीनमध्ये मोटारीवरचा उपभोग कर इंजिनाच्या घनक्षमतेप्रमाणे पायऱ्यांनी वाढतो आणि २, २.५ व ४ लिटर या त्याच्या सीमारेषा आहेत. ७१८ ची इंजिने १,९८८, २,४९७ आणि ३,९९५ घनसेंटीमीटरची आहेत, तिन्ही सीमेच्या किंचित आत. म्हणजे समोर ठेवलेले पर्याय चालकाच्या गरजेतून जितके आले, तितकेच कायद्याच्या चौकटीतूनही आले. उत्पादकाने पाडलेल्या पायऱ्या म्हणजे गुणवत्तेच्याच पायऱ्या, असे समजण्याचे कारण नाही.

आता स्वभावाकडे वळू. टर्बो इंजिनात बाहेर पडणारा वायू एक चक्र फिरवतो आणि ते चक्र आत येणारी हवा दाबते. पाय दाबल्यावर आधी वायू वाढायचा, मग चक्र वेग घेणार, मग दाब तयार होणार, आणि मग टॉर्क. ‘एस’मध्ये टर्बोची पाती वळवता येत असल्याने हा विलंब बराच घटतो. पेट्रोल गाडीत ही युक्ती पोर्शेने २००६ च्या ९११ टर्बोमध्येच आणली होती. तरीही विलंब पुरता जात नाही. टर्बोविना इंजिनात पेडल आणि टॉर्क यांच्यामध्ये हा टप्पाच नसतो. पाय जितका दाबावा तितकेच आणि तेव्हाच उत्तर मिळते. दुसरा फरक आवाजाचा आणि कंपनाचा. ६,००० फेऱ्यांवर चार सिलिंडरांत सेकंदाला २०० स्फोट होतात, सहांत ३००. शिवाय सहा सिलिंडरांच्या बॉक्सर रचनेत पिस्टनांचे धक्के एकमेकांना जवळजवळ पूर्ण छेदतात. चारांत थोडा हेलकावा उरतो. ज्या गाडीत इंजिन पाठीमागे हातभरावर असते, तिथे हा फरक सतत जाणवत राहतो.

आवाजासाठी पैसे मोजणे हा निव्वळ शौक आहे, असे कुणी म्हणेल. मान्य, पण स्पोर्ट्स कारही शौकाचीच वस्तू आहे. दोन माणसे आणि दोन बॅगा न्यायला तिची गरज नसते. तिच्यातून मिळणारा अनुभव हाच तिचा उपयोग असेल, तर त्या अनुभवाचा मोठा भाग असलेले इंजिनाचे उत्तर आणि स्वर यांना दुय्यम मानणे तर्काला धरून नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. ४.० चे मर्म वरच्या फेऱ्यांत असेल, तर ते सार्वजनिक रस्त्यावर वापरायचे कुठे? गिअरच्या गुणोत्तरांवरून हिशेब केला, तर ४.० चा कमाल टॉर्क दुसऱ्या गिअरमध्ये ताशी सुमारे ८५ किलोमीटरला सुरू होतो आणि कमाल शक्ती १२० च्या आसपास येते. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर मोटारींची सपाटीवरची वेगमर्यादा १०० आहे, समृद्धी महामार्गावर १२०. जर्मनीच्या गावाबाहेरच्या साध्या रस्त्यांवरही १०० च. म्हणजे तिसऱ्या गिअरमध्ये हे इंजिन रंगात येण्याआधीच कायदा आडवा येतो. उलट ‘एस’ आपला सगळा टॉर्क दुसऱ्या गिअरमध्ये ३० ते ७५ च्या टप्प्यात देते, म्हणजे जिथे गाडी खरोखर चालते तिथेच. पिकअप हाच निकष असेल, तर टर्बोची बाजू इथे निःसंशय वरचढ आहे आणि ती नाकारण्यात अर्थ नाही. पण हे आकडे पेडल पूर्ण दाबलेले आणि टर्बोचा दाब तयार झालेला असतानाचे आहेत. वळणावळणाच्या रस्त्यावर चालक पाय सोडतो, पुन्हा थोडा दाबतो, पुन्हा सोडतो. त्या अर्ध्यामुर्ध्या दाबावर किती टॉर्क येणार याचा नेमका अंदाज असणे, हीच तिथली खरी गरज असते. हा गुण ४.० मध्ये ३,००० फेऱ्यांवरही असतो. त्यासाठी कायदा मोडावा लागत नाही.

उरतो पैशाचा प्रश्न, आणि इथे मधल्या पर्यायाची खरी परीक्षा होते. २०१६ मध्ये जर्मनीत २ लिटरच्या केमनची किंमत ५१,६२३ युरो होती आणि ‘एस’ची ६४,११८. म्हणजे १२,४९५ युरो जास्त देऊन ५० अश्वशक्ती आणि अर्धा सेकंद मिळाला. सिलिंडर तेवढेच, टर्बो कायम, स्वर जवळपास तोच. ‘एस’चा टर्बो लवकर जागा होतो हे खरे, पण तो फरक प्रमाणाचा आहे, प्रकाराचा नाही. तेच पैसे लहान इंजिनाच्या गाडीत उत्तम टायर, नियंत्रित सस्पेन्शन आणि मागच्या चाकांसाठीचे यांत्रिक डिफरन्शियल लॉक यांवर लावले, तर गाडीच्या वागण्यात अधिक मोठा बदल होतो. शिवाय २ लिटरची केमन १,३३५ किलोची आहे, ४.० ची १,४०५. तो हलकेपणा फुकट मिळतो. इंधनात मात्र ४.० महाग पडते: एनईडीसीच्या मापाने १०० किलोमीटरला लहान इंजिन ७.४ लिटर पिते, ‘एस’ ८.१ आणि ४.० तब्बल १०.८. रोजच्या वापरासाठी गाडी घेणाऱ्याने हा भुर्दंड हिशेबात धरलाच पाहिजे. क्वचित बाहेर काढली जाणारी गाडी वर्षाकाठी जाळते ते पेट्रोल मात्र तिच्या किमतीपुढे किरकोळ असते.

स्वभावासाठी पैसे मोजावेत, हा निष्कर्ष म्हणजे आडवाटेने केलेला मोठ्या इंजिनाचाच पुरस्कार, असे कुणाला वाटेल. तसे नाही, हे माझ्दाच्या एमएक्स-५ वरून दिसते. २०१५ मध्ये आलेली तिची चौथी पिढी कापडी छतासह जपानमध्ये फक्त १.५ लिटरच्या, १३१ अश्वशक्तीच्या इंजिनात मिळत होती; अमेरिकेत फक्त २ लिटर. दोन्ही टर्बोविना, दोन्ही चार सिलिंडरांची. सुरुवातीच्या २ लिटरमध्ये टॉर्क जास्त होता, पण ते ६,८०० फेऱ्यांवर थांबायचे. लहान इंजिन ७,५०० पर्यंत आनंदाने फिरायचे. इथे मोठ्या इंजिनाने आकडा वाढवला आणि स्वभाव काहीसा बोथट केला. २०१८ मध्ये माझ्दाने २ लिटरला १८४ अश्वशक्तीबरोबर तीच ७,५०० ची मर्यादा दिली, तेव्हा कुठे हा तोटा भरून निघाला. जेमतेम टनभर वजनाच्या गाडीत लहान इंजिन पूर्ण पिळून काढता येते. त्यामुळे तिथे ‘मोठे म्हणजे चांगले’ हा नियम पहिल्याच कसोटीला टिकत नाही.

म्हणून ७१८ च्या बाबतीत निकाल असा: परवडत असेल आणि गाडी केवळ आनंदासाठी असेल, तर ४.० घ्यावी, ती वेगवान आहे म्हणून नव्हे तर वेगळी आहे म्हणून. परवडत नसेल तर थेट २ लिटरवर यावे. ‘एस’ त्यानेच घ्यावी ज्याला खरोखर पिकअपच हवा आहे आणि तेवढ्यासाठी किंमत मोजायची तयारी आहे. इतर कोणत्याही गाडीसाठी तपासणीची रीत सोपी आहे. दोन्ही इंजिने एकाच रस्त्यावर, तिसऱ्या गिअरमध्ये, ताशी ६० च्या आसपास, पेडल अर्धेच दाबून चालवून पाहावीत. पूर्ण दाबून पाहायचे काम माहितीपत्रकाने आधीच केलेले असते. अर्ध्या पेडलवर दोन्ही सारखीच वागली, तर स्वस्त इंजिन घेणाऱ्याने काहीही गमावलेले नसते.