कासवाच्या धंद्यातला लपलेला ऐब

जळगावचे फुले मार्केट असो की धुळ्याचा आग्रा रोड, दुकानदाराला मालाचा हिशेब शिकवावा लागत नाही. ताका पडून राहिला तर कमी भावात काढतो. तोटा तेवढ्यावर संपतो. कासवाच्या धंद्यात तसे नाही. तिथे नफा विकणाऱ्याचा आणि तोटा दुसऱ्याच्या खात्यावर.

शोभेसाठी किंवा बरकत येते म्हणून पाळली जाणारी कासवे मुख्यतः दोन जातींची असतात. एक आपल्याकडचे, पाठीवर चांदण्या असलेले स्टार कासव. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे ते पकडणे, विकणे किंवा घरात पाळणे गुन्हा आहे. पैसे मोजून घेतले, ही सबब चालत नाही.

दुसरे अमेरिकेतले, लाल कानाचे. मादी वर्षातून अनेकदा अंडी घालते, म्हणून पैदास सोपी आणि पिल्लू स्वस्त. विकताना ते नाण्यापेक्षा थोडेसे मोठे असते. पुढे ताटलीएवढे होते आणि वीस-तीस वर्षे जगते. मुलासाठी आणलेले कासव त्या मुलाच्या मुलांनाही सांभाळावे लागते.

कंटाळलेल्या माणसाला वाटते, मेहरूण तलावात किंवा पांझरेत सोडून द्यावे. ती सुटका नव्हे. हे परदेशी कासव स्थानिक कासवांचे अन्न आणि उन्हात बसण्याच्या जागा बळकावते. याच कारणाने युरोपीय संघाने १९९७ मध्ये त्याची आयात बंद केली. अमेरिकेत तर चार इंचांपेक्षा लहान कासवे पाळण्यासाठी विकायला १९७५ पासून बंदी आहे, कारण त्यांच्यापासून लहान मुलांना साल्मोनेला जंतूची बाधा होत होती.

जनावर विकण्यात गैर काही नाही. बकरी, कोंबडी आपण विकतोच. पण कासवाच्या बिलात पंचवीस वर्षांची जबाबदारी लिहिलेली नसते. दीर्घ आयुष्य हा ऐब नाही. गिऱ्हाइकापासून ते लपवणे मात्र मालातला ऐब लपवण्यासारखेच आहे. पैदास करणाऱ्याने आधी विचारावे : शंभर पिल्लांना तीस वर्षांसाठी शंभर घरे मिळतील काय? नको झालेले कासव परत घेण्याची तयारी नसेल, तर पैदास करू नये.

घरी परदेशी कासव असल्यास ते शेवटपर्यंत नीट सांभाळावे, नदीत सोडू नये. देशी असल्यास वन विभागाच्या जवळच्या कार्यालयात सोपवावे.